रुद्रप्पा मिस्त्री आणि पंख्याआडची बंदूक

केजच्या बाजारपेठेत रुद्रप्पा पांचाळाला नावानं फारसं कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. कुलपाची किल्ली अडली, तराजूचा काटा एकीकडे ओढायला लागला, शिंप्याच्या यंत्राचे टाके सुटायला लागले, की माणूस त्याच्या ओट्यावर येई. रुद्रप्पा वस्तू लगेच खोलत नसे. आधी कानाशी नेऊन दोनदा हलवी आणि म्हणे, "कुठं दुखतंय ते कळलं. सांजच्याला या."

पहिल्या महायुद्धात तो तीन वर्षं इराकात बसऱ्याकडे होता आणि विमानांवर बंदुका बसवत होता, हे गावानं ऐकलं होतं. खरं मात्र कुणी धरलं नव्हतं. तहसील कचेरीतला कारकून राधाकिशन ओट्यावर पान खायला बसला की हटकून विचारी, "मिस्त्री, येताना विमान कुठं उतरवलं? उमापूरच्या माळावर का?"

"माळावर बाभळी लई," रुद्रप्पा म्हणे, "म्हणून बोटीनं आलो."

बसलेले हसत, तोही हसे, आणि विषय तिथंच संपे. त्या तीन वर्षांपैकी दीड वर्षच तो बंदुकांपाशी होता. उरलेला काळ त्यानं धक्क्यावर पोती उचलली. ते कसं झालं, हे त्यानं बायकोलाही उशिरा सांगितलं.

त्याचा बाप पंचाक्षरी ठासणीच्या बंदुका दुरुस्त करी. निजामाच्या मुलखात तेव्हा देशमुखांकडं, रोहिल्यांकडं अशा जुन्या बंदुका भिंतीला टांगलेल्या असत. उन्हाळ्यात काळ्या रानाची धूळ उडायला लागली की या बंदुकांचे घोडे अडत. दुसरे लोहार अशा वेळी तेल सोडत. पंचाक्षरी असलेलं तेलही पुसून काढी आणि शंखजिऱ्याच्या मऊ दगडाची पांढरी पूड बोटानं चोळी. "तेल धुळीला घरात बोलावतं," तो म्हणे. "मग दोघं मिळून चिखल करत्यात."

फसली सन १३२५ च्या, म्हणजे इंग्रजी १९१६ च्या उन्हाळ्यात रुद्रप्पा कुलपं विकायला अहमदनगरला गेला. तिथं इंग्रजांच्या छावणीत लोहार-सुतारांची भरती चालली होती. मांडवात एका टेबलावर मशीनगन सुटी करून ठेवली होती आणि आलेल्या प्रत्येकाला तिचा एकेक भाग ओळखायला सांगत होते. रुद्रप्पाला नावं एकाचीही येत नव्हती, पण कुठला भाग कुठल्या भागाला ढकलतो हे त्यानं बोटानं दाखवलं. एकाच ठिकाणी त्याचं बोट चुकलं, ते त्यानं स्वतःच दुरुस्त केलं. संध्याकाळी त्याच्या दंडाला लस टोचलेली होती. घरी बायकोला, शिवकांताला, निरोप गेला तो उरलेली कुलपं परत घेऊन जाणाऱ्या गाडीवानाकरवी.

बोटीवर त्याला बंकट भेटला. बंकट सिरसाळ्याचा सुतार. चार दिवस उलट्या करून रिकामा झालेला असतानाही त्याची जीभ चालूच होती. बसऱ्याला उतरल्यावर नदीकाठच्या कापडी छपराखाली त्यानं पहिल्यांदा विमान पाहिलं, त्याच्या पंखावर टिचकी मारून पाहिली आणि त्याला धीर आला.

"आरं, ही तर बैलगाडीच हाय बे," तो म्हणाला. "लाकूड माझं, लोखंड तुझं, कापड शिंप्याचं. नुसतं आकाशात न्यायचं."

विमान खरोखरच तेवढं साधं होतं. अवघड होती ती त्यावरची बंदूक. ही अडचण नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

विमान पुढं ओढतो तो नाकावरचा लाकडी पंखा. वैमानिक बसतो पंख्याच्या मागं. त्याला समोर गोळी मारायची तर ती पंख्यातूनच जाणार, आणि पंखा फुटला की विमान खाली. यावर माणसांनी नाना तोडगे काढले. रुद्रप्पा पोचला तेव्हा काही विमानांत इंजिन आणि पंखा पाठीमागंच बसवलेले होते. पुढं राखणदाराच्या माळ्यासारख्या टोपल्यात बंदूकवाला बसे, पण अशी विमानं फार हळू चालत. काहींत मागच्या माणसाच्या हाती साधी रायफल देत. मग बंदूक वरच्या पंखावर, फिरत्या पंख्याच्या उंचीच्याही वर बांधली. तिच्यावर ताटलीसारखं काडतुसांचं चक्र बसे. ते रिकामं झालं की वैमानिकानं विमान वळवायचा दांडा गुडघ्यांत धरून भर वाऱ्यात उभं राहायचं आणि नवं चक्र चढवायचं. फ्रान्सकडं कुणी तर पंख्याच्या पात्यांना पोलादी पाचरी ठोकल्या होत्या, म्हणजे लागलेली गोळी बाजूला उडावी. ते ऐकून बंकटनं कपाळाला हात लावला. "म्हंजी गोळी मारायची आपण, अन् सोसायची बी आपणच."

शेवटी आली ती जोडणी. पंखा ज्या दांड्यावर फिरतो त्या दांड्यावर एक चकती बसवायची. चकतीला एका बाजूला उंचवटा. चकती फिरली की उंचवटा एका सळईला ढकलतो आणि सळई बंदुकीच्या चापाला. उंचवटा अशा जागी ठेवायचा, की पंख्याचं पातं बंदुकीच्या नळीसमोरून सरकून गेलं की मगच सळई ढकलली जाईल. वैमानिकानं मूठ दाबली तरी बंदूक लगेच उडत नाही. मूठ दाबून तो फक्त परवानगी देतो, आणि उडवतो तो पंखाच. पंखा मिनिटाला बाराशे फेरे घेई. दोन पाती, म्हणजे नळीसमोरून मिनिटाला चोवीसशे वेळा लाकूड जाई, आणि त्याच्या मधल्या फटींतून सेकंदाला आठ-दहा गोळ्या निघत.

रुद्रप्पाला हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ पंखा हातानं फिरवत, सळईला कान लावून उभा राहिला. एरवी माणूस बंदुकीला सांगतो. इथं एक यंत्र दुसऱ्या यंत्राला सांगत होतं, आणि न चुकता. त्या दिवशी त्यानं जेवणाची घंटा ऐकली नाही.

या कामावर तो आला तो शंखजिऱ्यामुळं. वाळूच्या धुळीनं बंदुका अडत होत्या आणि गोरे कारागीर आणखी तेल ओतत होते. रुद्रप्पानं एका बंदुकीचं तेल पुसून पूड चोळली. ती अडली नाही. त्या छपराचा सार्जंट बरीच वर्षं सिकंदराबादच्या छावणीत राहिलेला होता, आणि त्याला मोडकंतोडकं हिंदुस्तानी येई. रुद्रप्पाची दखनी त्याला कळे. त्यानं रुद्रप्पाला जोडणीच्या कामावर घेतलं.

काम असं चाले. पंखा बसवायचा बंकटनं. त्याला आठ बोल्ट. दांड्यावर एक खूण, पंख्यावर एक खूण, दोन्ही जुळल्याच पाहिजेत. एक भोक इकडं-तिकडं झालं तर सगळी जोडणी चुकली, गोळ्या पात्यातच जाणार. मग सळई आणि चकती लावायची रुद्रप्पानं. शेवटी परीक्षा. आखूड पात्यांचा एक जुना पंखा होता, त्यावर बंकट पातळ फळीची मोठी थाळी ठोकी आणि तिच्यावर खऱ्या पात्यांची आकृती खडूनं काढी. इंजिन चालू करून थाळीतून गोळ्या झाडायच्या. भोकं खडूच्या बाहेर पडली तर जोडणी बरोबर. रुद्रप्पाच्या थाळ्यांवर भोकं मुठीएवढ्या जागेत पडत. सार्जंट त्या थाळ्या दुसऱ्यांना दाखवायला नेई.

तुर्कांचं बगदाद पडल्यावर हे सगळं छप्पर नदीनं वर हललं. १९१७ सालची खंडेनवमी आली ती तिथंच.

कारागीर माणूस देवाचा एखादा दिवस विसरेल, खंडेनवमी विसरणार नाही. त्या दिवशी हत्यारं धुऊन पुजायची आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हलवायचं नाही. सार्जंटला ही रीत सिकंदराबादेपासून माहीत होती. दुरुस्तीला आलेलं एक विमान छपरात होतं, ते दुसऱ्या दिवशीच उडायचं होतं. "एक दिन," तो बोट दाखवून म्हणाला आणि निघून गेला. झेंडू नव्हता, नदीकाठच्या कण्हेरीची फुलं आणली. तांदूळ शिध्यातले. कुंकवाची डबी रुद्रप्पाच्या पेटीत होती.

रुद्रप्पाच्या घरची आणखी एक रीत होती. अक्षता कुठंही टाकायच्या नाहीत; हत्याराचा जीव जिथं असतो तिथंच ठेवायच्या. बाप बंदुकीच्या घोड्यावर ठेवी, कुलपाच्या किल्लीच्या भोकावर ठेवी. दुसऱ्या कारागिरांनी नळीवर कुंकू लावलं, बंकटनं पंख्याला गंध लावलं. रुद्रप्पा ओल्या कुंकवात माखलेली अक्षतांची चिमूट हातात धरून विचार करत राहिला. या बंदुकीचा जीव कुठं आहे? नळीत नाही. चापातही नाही, चाप तर दुसऱ्याचं ऐकतो. तिचा जीव पंख्याचा निरोप येतो तिथं. सळई ज्या बारीक नळीतून सरके तिच्यावरचं लहान झाकण त्यानं उघडलं, चिमूट तिथं ठेवली आणि हात जोडले.

ज्याला ते यंत्र कमी कळत होतं, त्याच्या हातून ही चूक झाली नसती.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं फुलं काढली, फडक्यानं पुसलं, ब्रशनं झाडलं. पंखा हातानं फिरवून सळईला कान लावला. आवाज स्वच्छ होता. सार्जंटनं कागदावर सही केली आणि विमान वर गेलं.

वैमानिकानं नदीवर जाऊन पहिली फैर झाडली. खाली रुद्रप्पाला तिचे ठोके मोजून दिल्यासारखे ऐकू आले. दुसऱ्या फैरीत मात्र ठोक्यांत ठोका मिसळला. मग लाकूड फाटल्यासारखा आवाज आला आणि इंजिन ओझं सुटलेल्या बैलासारखं उधळलं. पंखा गेला होता. विमान तरंगत खाली आलं, नदीच्या वाळूत नाक खुपसून उभं राहिलं. वैमानिक वाचला. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.

चौकशी दोन तासांत आटोपली. पंख्याच्या चिरफळ्या नदीत पडल्या होत्या, बोल्टांची जागा उखडली होती. खुणा जुळवल्या होत्या की नाही, हे आता कुणी सांगू शकत नव्हतं. जोडणी रुद्रप्पाची होती आणि रुद्रप्पाची जोडणी आजवर चुकली नव्हती. राहिला सुतार.

"खूण बघूनच लावला, साहेब," बंकट म्हणाला.

ठरलं असं, की शनिवारच्या बोटीनं त्याला बसऱ्याच्या धक्क्यावर हमालीला पाठवायचं, आणि त्याच्या कागदावर हलगर्जी सुतार असा शेरा मारायचा. हमालीचं बंकटला काही वाटलं नाही. पण युद्ध संपल्यावर रेल्वेच्या कारखान्यात लागायचं त्यानं ठरवलं होतं. धाकट्या भावालाही तिथंच बोलावणार होता. त्या शेऱ्यानंतर त्याला कुठल्याच कारखान्यानं दारात उभं केलं नसतं.

त्याच दिवशी दुपारी रुद्रप्पानं वाळूतून आणलेली जोडणी खोलली. सळईच्या नळीच्या तळाशी लाल पापुद्रा बसला होता. त्यात एक आख्खा आणि एक अर्धा तांदूळ.

त्याला सगळं समजायला फार वेळ लागला नाही. सळई परत यायला अडत होती. हातानं हळू फिरवताना ते कळलं नसतं, आणि कळलंही नव्हतं. बाराशे फेऱ्यांवर सळईला उशीर झाला, गोळीला उशीर झाला, तेवढ्यात दुसरं पातं समोर आलं. त्यानं पापुद्रा नखानं खरवडला, रुमालाच्या टोकात बांधला आणि जोडणी धुऊन ठेवली.

ते टोक त्यानं तीन दिवस सोडलं नाही. युद्धाच्या मुलखात विमान पाडणाऱ्याला काय करतात, हे छपरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुद्दाम केलं नाही, हे कोण मानणार? आणि मानलं तरी पूजा बंद होणार, ती सगळ्यांचीच. अशी कारणं त्याच्याकडं बरीच होती. सगळी खरीही होती.

बंकटला एका तंबूत बसवून ठेवलं होतं. त्याची भाकरी रुद्रप्पाच नेई.

"तू तर कान लावून बघितलंस ना," दुसऱ्या दिवशी बंकट म्हणाला. "पंखा बरोबर होता ना?"

"बरोबर होता."

"मग सांग की त्या गोऱ्याला. तुझं ऐकतो तो."

"माझं कोण ऐकतं."

बंकटनं त्याच्याकडं बघितलं. मग भाकरीचा तुकडा मोडला. "लई कडक केलीस आज," तो म्हणाला. "पंखा हिचाच करायला पायजे होता."

गुरुवारी सकाळी रुद्रप्पा सार्जंटपुढं जाऊन उभा राहिला आणि त्यानं रुमालाची गाठ सोडली. पूजेचं सांगितलं, झाकणाचं सांगितलं. सार्जंटनं तो अर्धा तांदूळ बोटावर घेतला, दोन नखांत दाबला. त्याचं पीठ झालं.

"ये?" तो म्हणाला. "चावल से विमान गिरा?"

"जी साहेब."

"दोस्त को बचाता है."

"न्हाई साहेब. सच बोलता हूं."

सार्जंट यंत्राचा माणूस होता. त्याला खरं-खोटं तोंडावरून ठरवायची सवय नव्हती. त्यानं तीच जोडणी दुसऱ्या विमानावर चढवायला लावली. आखूड पंख्यावर थाळी हवी होती, म्हणून बंकटला तंबूतून आणलं. आपल्याच नशिबाची थाळी त्यानं गुमान ठोकली, तिच्यावर खडूनं पाती काढली. कशाची परीक्षा चाललीय हे तेव्हा त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सार्जंटनं शिध्याच्या पोत्यातून तांदळाचे दाणे आणले आणि स्वतःच्या हातानं सळईच्या नळीत टाकले. इंजिन सुरू झालं. बारा गोळ्या झाडल्या.

बाराही भोकं खडूच्या बाहेर पडली होती. मुठीएवढ्या जागेत.

नळी उघडली तर आत तांदळाचा भुगा होता. सळईनं त्याला दळून टाकलं होतं. सार्जंटनं रुद्रप्पाच्या खांद्यावर थोपटलं. "देखा? चावल से कुछ नहीं होता. जाओ, काम करो."

रुद्रप्पा चार पावलं चालला. त्यानं सांगायचं ते सांगितलं होतं. तपासून पाहिलं होतं, ते खोटं ठरलं होतं, आणि तेही साहेबाच्या तोंडून. आता बंकट शनिवारी गेला तर त्यात रुद्रप्पाचा काय दोष? पुढं शिवकांताला सांगताना तो म्हणाला होता, की आयुष्यात इतकं हलकं त्याला त्या चार पावलांतच वाटलं. पाचव्या पावलाला त्याच्या ध्यानात आलं, की तांदूळ कोरडे होते.

तो मागं फिरला. "साहेब, ऐसा नहीं था. कुंकू था. पानी था. रातभर वैसाच रखा था, हिलाया नहीं."

सार्जंटनं घड्याळ पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. बोट निघायला दोन दिवस होते.

"ठीक है," तो म्हणाला. "जो किया, ठीक वैसा करो. सब."

मग दिवसाढवळ्या, साध्या गुरुवारी, रुद्रप्पानं दुसऱ्यांदा ती पूजा मांडली. सार्जंट वही घेऊन शेजारी बसला. पाणी किती थेंब, कुंकू किती चिमटी, हे तो विचारी आणि लिहून घेई. दुसरे कारागीर लांब उभे राहिले. देवाच्या नावानं केलेलं गोऱ्यापुढं मोजून दाखवतोय, हे त्यांना आवडलं नाही, आणि त्यांनी ते ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. अक्षता ठेवताना रुद्रप्पा थांबला.

"मंत्र भी?" त्यानं विचारलं.

"सब," सार्जंट म्हणाला.

रुद्रप्पानं मंत्र म्हटला. त्याला स्वतःचाच आवाज भाव सांगणाऱ्या दुकानदारासारखा वाटला. मग छपराला पहारा लागला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी त्या विमानाला हात लावला नाही.

शुक्रवारी सकाळी त्यानं दसऱ्याला पुसलं तसंच पुसलं, झाडलं तसंच झाडलं, कान लावला. आवाज तसाच स्वच्छ होता. बंकटनं नवी थाळी ठोकली. आता त्याला सगळं कळलेलं होतं. तो रुद्रप्पाकडं न बघता खडूची रेघ ओढत होता, आणि रेघ नेहमीपेक्षा सरळ येत होती.

पहिल्या सहा गोळ्यांनंतर इंजिन बंद केलं. सहाही भोकं बाहेर. सार्जंटनं ओठ आवळले. इंजिन पुन्हा लावलं, ते चांगलं तापू दिलं आणि मग पुढच्या सहा झाडल्या. थाळी थांबली तेव्हा तिघंही पुढं गेले. नव्या सहांपैकी दोन भोकं बाहेर होती. एक खडूच्या रेघेवर. तीन पात्याच्या आत.

सळईच्या नळीत लाल पापुद्रा होता. तापलेल्या लोखंडावर कुंकू आणि तांदळाचं पीठ मिळून लुकणासारखं चिकटून बसलं होतं. सार्जंटनं तो पापुद्रा कागदाच्या पुडीत बांधला, भोकं पुन्हा एकदा मोजली आणि बंकटच्या कागदावरचा शेरा खोडून सही केली.

"मेरा क्या, साहेब?" रुद्रप्पानं विचारलं.

"तुम बोट में जायेगा. धक्के का काम."

रुद्रप्पानं मान हलवली.

"चावल के लिए नहीं," सार्जंट म्हणाला. "चावल गलती था. तीन दिन चुप बैठा, उस के लिए."

शनिवारच्या बोटीनं रुद्रप्पा गेला. त्यानंतर त्या छपरात बंदुकीपाशी पूजा करायला बंदी झाली. हत्यारं बाहेर आणून पुजायची. कारागिरांनी याचा दोष रुद्रप्पाला दिला. बंकट त्याला पोचवायला घाटावर आला नाही.

बसऱ्याच्या धक्क्यावर तो पोती उचलायला लागला. पहिल्या महिन्यात पाठीचं कातडं गेलं, दुसऱ्या महिन्यात नवं आलं. विमान वरून गेलं तर बाकीचे हमाल वर बघत. तो खाली बघून ऐकत असे.

उन्हाळा लागता लागता, १९१८ च्या एप्रिलात, बंकट मोडक्या विमानांचे भाग घेऊन बोटीनं खाली आला. भाग उतरवून झाल्यावर तो धक्क्यावर शोधत आला, पोत्यांच्या थप्पीवर बसला आणि बराच वेळ तंबाखूची चंची खालीवर करत राहिला.

"तीन दिवस, रुद्रप्पा," तो शेवटी म्हणाला.

"व्हय."

"माझी भाकर तूच आणत होतास."

"व्हय."

"मी ईचारलं तवा तरी बोलायचं."

बंकटनं चुना काढला, तंबाखू मळली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. थुंकला. मग जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतोय अशा आवाजात वरची हकिगत सांगायला लागला. आता आकाशात तुर्कांची विमानं फारशी येत नाहीत. बंदुका खालीच वळवल्यात. मागच्या महिन्यात तुर्कांची एक फौज रस्त्यानं माघारी चालली होती. माणसं, गाड्या, उंट, कोसभर लांब. आपली विमानं झाडाच्या उंचीवरून त्या रस्त्यावर गेली, काडतुसांचे पट्टे संपेस्तोवर बंदुका चालवल्या, परत येऊन पट्टे भरले, पुन्हा गेली. दिवसभर.

"आल्यावर मी समदे पंखे बघितले," बंकट म्हणाला. "एकाला ओरखडा न्हाई. तुझ्याच मापानं लावतेत अजून."

"सळई पुसतेत का?"

"पुसतेत."

रुद्रप्पानं पाठीवरची गोणपाटाची घडी काढली, झटकली, पुन्हा खांद्यावर टाकली. मुकादमानं शिट्टी मारली, तरी तो उठला नाही.

"माणसं किती होती रस्त्यावर?"

"ते कुणी मोजलं न्हाई. उंट लई होते म्हणं."

"उंट कावून मारले?"

"खाली होते म्हणून," बंकट म्हणाला. त्यानं तंबाखूची दुसरी चिमूट मळली आणि हात रुद्रप्पापुढं केला. रुद्रप्पानं ती घेतली, पण तोंडात टाकली नाही. ती मुठीत धरूनच तो पोत्याखाली वाकला.